कोनराड झूसे आणि यंत्राची भाषा

आळस हा दुर्गुण खरा, श्रोतेहो. परंतु बर्लिनच्या कोनराड झूसे या तरुण एंजिनियराचा आळस निराळ्याच जातीचा होता. विमानांच्या कारखान्यांतील त्याच त्या आंकडेमोडीला कंटाळून त्यानें १९३६ च्या सुमारास आईबापांच्या घरांतच गणकयंत्र मांडलें! पुढें यंत्राला आज्ञा द्यावयाच्या त्या सिनेमाच्या टाकाऊ फिल्मवर भोंकें पाडून. त्याचें 'झेड ३' यंत्र १९४१ सालीं चालूं लागलें आणि १९४३ सालीं बाँबवर्षावांत नष्ट झालें.

उरलेलें 'झेड ४' घेऊन १९४५ सालीं तो आल्प्सच्या पायथ्याशीं एका खेड्यांत जाऊन राहिला. तेथें यंत्रें बांधणें शक्य नव्हतें. म्हणून त्यानें यंत्राच्या भाषेची रचना पुरी केली. तिचें नांव 'प्लानकाल्क्यूल'. गणन म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी, हें त्याला मुळींच मान्य नव्हतें. बुद्धिबळाचे नियमदेखील त्यानें या भाषेंत मांडले. लढाईनंतरच्या जर्मनींत त्याची कदर कोण करणार? ती भाषा सबंध छापली गेली १९७२ सालीं.

झूसेला छंद तैलचित्रांचा. कांहीं चित्रांवर सही असे, 'कुनो झे'. १९९५ सालीं तो वारला. त्याची भाषा बर्लिनच्या एका विद्यापीठांत यंत्रावर चालली, ती २००० सालीं.