मागच्या चाकांचा हिशेब



मोटारीविषयी गप्पा सुरू झाल्या की त्या मायलेजपासून सुरू होतात आणि इंजिनाच्या ताकदीपाशी येऊन थांबतात. चाकांचा विषय निघालाच तर तो पुढच्या चाकांचा. स्टिअरिंग त्यांना जोडलेले, म्हणून काळजी त्यांची घ्यायची. मागची चाके काय, गाडीबरोबर येतातच, असा एक सर्वसाधारण समज आहे. पण ओल्या वळणावर गाडी ताब्यात राहणार की शेपूट फिरवणार, हे बऱ्याच अंशी मागची चाके ठरवतात. आज मला बोलायचे आहे ते या चाकांना जागेवर धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मविषयी. मूळ आर्म काढून बाजारात मिळणारे, लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म बसवण्याची हौस वाढली आहे. ते बसवल्यावर जे काम करावे लागते, ते मात्र पुष्कळदा राहून जाते.

आधी एक खुलासा केला पाहिजे. हा प्रश्न सगळ्या गाड्यांना येत नाही. स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई असते. तिला टॉर्शन बीम म्हणतात. तिथे वेगळे आर्म नाहीत आणि फिरवायला फारसे काही नाही. पण २००६ साली आपल्याकडे आलेली होंडा सिव्हिक किंवा २०११ ची महिंद्र एक्सयूव्ही ५०० यांसारख्या गाड्यांत मागचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. त्याला वरून, खालून आणि बाजूने धरणारे आर्म असतात. प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो आणि आर्मच्या लांबीवर चाकाचा कोन ठरतो.

हे कोन मुख्यतः दोन. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले की चाक वरच्या बाजूला आत कललेले दिसते की बाहेर, तो कॅम्बर. आत कललेले असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. दुसरा कोन वरून पाहिल्यावर कळतो. चालताना काही माणसांची पावले आत वळलेली असतात, काहींची बाहेर फाकलेली. चाकांचेही तसेच. त्याला टो म्हणतात. मागच्या चाकांना कारखान्यातून बहुधा थोडा टो-इन दिलेला असतो, म्हणजे पावले किंचित आत. त्यामुळे गाडी वेगात स्थिर राहते. मागची चाके बाहेर फाकली तर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय अचानक काढताच मागचा भाग सरकू पाहतो.

आता लोक आर्म का बदलतात? काहींचे बुश झिजलेले असतात. बहुतेकांनी मात्र छोट्या स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवलेली असते. गाडी खाली बसली की मागच्या चाकांचा वरचा भाग आत कलतो, कॅम्बर उणे होत जातो आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो. अनेक गाड्यांत मागचा टो बदलायची सोय असते, पण कॅम्बर बदलायची नसते. लांबी बदलता येणारा आर्म ती सोय करून देतो. उपाय योग्यच आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, की कारखान्यातल्या इंजिनिअरने जी लांबी ठरवून दिली होती, ती ठरवण्याची जबाबदारी आता आपण घेतलेली असते.

ही लांबी किती नाजूक असते ते पाहा. चाकाच्या वरच्या आणि खालच्या जोडांमध्ये ३०० मिलिमीटर अंतर आहे असे धरू. वरचा आर्म फक्त ५ मिलिमीटरने लांब केला की कॅम्बर जवळपास एक अंशाने बदलतो. आर्मच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतील आणि आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल, तर पान्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे ३ मिलिमीटर, म्हणजेच अर्ध्या अंशाहून थोडे जास्त. म्हणून अंदाजाने फिरवायची ही वस्तू नव्हे.

कामाची सुरुवात आर्म काढण्याच्या आधी होते. जुन्या स्थितीत चारही चाकांच्या अलाइनमेंटची छापील पट्टी घेऊन ठेवावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजून लिहावी. काढलेला जुना आर्म फेकू नये. त्याच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजावे आणि नवा आर्म आधी तेवढाच ठेवून बसवावा. त्यामुळे गाडी निदान ओळखीच्या जागेवरून सुरुवात करते.

गाडीखाली जाताना पुढच्या चाकांना अडणी लावावी आणि गाडी मजबूत स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. काही गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवरच बसलेली असते. तो बोल्ट निघाला की दाबलेली स्प्रिंग उसळते, म्हणून आधी आर्मला खालून आधार दिल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने हे काम घरी करू नये, असे मी स्पष्टच सांगतो.

आर्म बसला की सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट येते, ती बुशच्या बोल्टची. रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते आणि चाक वरखाली होताना मधले रबर पिळले जाते. गाडी उचललेली, चाके खाली लोंबकळत असताना हा बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीलाच सरळ समजते. गाडी खाली उतरवताच ते पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. परिणामी गाडी थोडी उंच बसते, मोजलेले कोन खोटे ठरतात आणि काही महिन्यांत नवाकोरा बुश फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके लावावेत. मग गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर चाकांवर उभी करून, नाहीतर जॅकने ते चाक मोजलेल्या उंचीपर्यंत उचलून, शेवटचा आवळा द्यावा. तोही टॉर्क पान्याने, दिलेल्या आकड्यापर्यंत. रबराऐवजी लोखंडी गोळीचा सांधा असेल तर हा पिळाचा प्रश्न येत नाही, पण त्यात आपल्या पावसातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ शिरते. वर रबरी टोपी नसेल तर तो लवकर खडखडू लागतो.

यानंतर गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे सगळे सांधे आपापल्या जागी बसतात. उंची पुन्हा मोजावी. टायरमधली हवा योग्य करावी, डिकीतले नेहमी नसणारे सामान काढावे आणि मग अलाइनमेंटला जावे. तिथे क्रम महत्त्वाचा. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. मागचे पक्के झाल्यावर पुढची चाके आणि सर्वात शेवटी स्टिअरिंगचा मध्य.

इथेच गडबड होते. अनेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचा टो एवढेच करतात. एका गणपतीच्या तोंडावर माझ्या वर्कशॉपमध्ये एक तरुण आला. गाडी खाली बसवलेली, मागचे आर्म बदललेले. त्याला फक्त हवा तपासून हवी होती, कारण संध्याकाळी आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघायचे होते. बरोबर आई-वडील आणि लहान मुलगी. बाहेरून टायर छान दिसत होते. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला, तर बोटांना तारा लागल्या.

तो म्हणाला, “काका, गाडी तर सरळ जातीया की! अलाइनमेंटबी केलंय.”

मी म्हटले, “मागच्या चाकांची पट्टी दाखव बघू.” ती कोणी काढलीच नव्हती.

आम्ही काढली. उजव्या चाकाचा कॅम्बर उणे ३ अंश. टो डावीकडे ०.३० अंश आत, उजवीकडे ०.३० अंश बाहेर. दोन्हींची बेरीज शून्य, म्हणून एकूण टो पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटावे. प्रत्यक्षात दोन्ही चाकांची तोंडे एकाच बाजूला, उजवीकडे वळलेली होती. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. मागची चाके ज्या दिशेने गाडीला ढकलतात ती दिशा आणि गाडीचा मध्य यांतल्या फरकाला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो शून्याच्या जवळ हवा. इथे तो ०.३० अंश होता. निघणे दुसऱ्या दिवसावर गेले. मागचे दोन टायर बदलले, आर्म नीट लावले, मग ते कुटुंब घाट उतरले. आंबोलीच्या पावसात त्या टायरने काय केले असते, याचा विचार मी त्या तरुणाला बोलून दाखवला नाही. त्याचा चेहरा पाहून तो त्याला कळला होता.

अंशाचा एवढासा भाग टायर कसा खातो, याचा कागदावरचा हिशेब सोपा आहे. टो पाव अंशाने चुकला तर एक किलोमीटर जाताना चाकाची दिशा आणि गाडीची वाट यांत सुमारे ४.४ मीटरचा फरक पडतो. तो फरक टायर रस्त्यावर आडवा घासून भरून काढतो. दहा हजार किलोमीटरमध्ये ही घसट ४४ किलोमीटर होते. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ते अंतर ३४ किलोमीटरचे. त्याहून जास्त अंतर टायर आडवा ओढत नेल्यासारखे झाले.

म्हणून आर्म बदलणाऱ्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. चारही चाकांचे, आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. त्यात मागचा डावा, मागचा उजवा आणि थ्रस्ट अँगल हे तिन्ही वेगवेगळे वाचा. आर्मच्या धाग्याचा पुरेसा भाग आत राहिला आहे ना, हे विचारा. व्यासाच्या दीडपट हा साधा अंदाज. बनवणाऱ्याने वेगळे सांगितले असेल तर ते प्रमाण. लॉकनट आवळून झाल्यावर त्यावर रंगाची एक रेघ मारून घ्या. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. दर महिन्याला टायरवरून आडवा तळहात फिरवा, आतल्या कडेपर्यंत. करवतीच्या दातांसारखे लागले तर टो चुकला आहे, नुसती एक कड गुळगुळीत झाली असेल तर कॅम्बर. खाचांमधला झीज दाखवणारा उंचवटा १.६ मिलिमीटरचा असतो. रबर त्याच्या पातळीला आले की टायर संपला, मग बाहेरची बाजू कितीही नवी दिसो.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम ठासून सांगितले. तेव्हा असे भाग बसवण्याआधी आरटीओत चौकशी करावी, वॉरंटी आणि विमा यांविषयी संबंधितांना लेखी विचारून घ्यावे. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

हौसेला माझा विरोध नाही. चांगला आर्म, नीट लावलेला, गाडीला फायद्याचाच असतो. पण त्यासाठी बजेट आखताना आर्मच्या किमतीबरोबर अलाइनमेंटचे पैसे आणि एक अख्खा दिवस धरा. तेवढी सवड नसेल, तर कारखान्याने दिलेला आर्म नव्या बुशसह पुन्हा बसवा आणि निर्धास्त गाडी चालवा.