टपालावर चाललेले सहकार्य

आज संगणकाच्या पडद्यावरच भेटणाऱ्या कार्यगटांची जी अडचण सांगितली जाते, ती अड्यारला जुनीच आहे. थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय डिसेंबर १८८२ मध्ये मुंबईहून येथे आले. कर्नल ऑलकॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की एकाच आवारात राहत. मतभेद झाल्यास बोलून पाहता येई. १८८५ मध्ये ब्लाव्हाट्स्की युरोपात गेल्या आणि उरला तो टपालाचा आधार. आगबोटीने पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत आठवडे लोटत. शाखांचा दैनंदिन कारभार अशा रीतीने चालू शकतो. अधिकाराचा वाद मात्र पत्रोपत्री चिघळतो, कारण शब्दांमागचा स्वर कागदावर उमटत नाही. अखेर १८८८ मध्ये ऑलकॉट स्वतः लंडनला गेले. त्याच ऑक्टोबरात ब्लाव्हाट्स्कींच्या नेतृत्वाखालील गूढविद्या विभागास त्यांनी मान्यता दिली. अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले.