रस्ता मोकळा करणारे मेजर राणे

(माजी सैनिकांच्या आरोग्य तपासणीच्या प्रसंगी संस्थेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या निमित्ताने आम्ही मेजर रामा राघोबा राणे यांचे स्मरण करण्याचे योजिले आहे. ते कारवारजवळच्या चेंडिये गावचे, एका पोलीस शिपायाचे पुत्र. जन्म २६ जून १९१८ चा. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. रस्ते करणे, पूल बांधणे, सुरुंग काढणे हे या सैनिकांचे काम. सैन्याच्या गौरवकथांत चढाई करणाऱ्यांना जागा मिळते, वाट करून देणाऱ्यांना क्वचितच. ब्रह्मदेशच्या मोहिमेत महत्त्वाची साधने नष्ट करण्यासाठी त्यांना बुथिडाउंग येथे मागे ठेवण्यात आले होते. परत नेण्याची ठरलेली व्यवस्था झाली नाही, तेव्हा जपानी गस्त चुकवून त्यांनी आपली माणसे नदीपार आणली.

१९४८ च्या एप्रिलमध्ये ते जम्मूच्या नौशेरा भागात होते. सेकंड लेफ्टनंट होऊन त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. राजौरीला जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, झाडे आडवी टाकून आणि कडा फोडून बंद केला होता. रणगाडे पुढे गेल्यावाचून राजौरी हाती येणे कठीण होते.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी तुकडी सावरली आणि रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता करण्याचे काम चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी तीन. १० तारखेला पहाटे पावणेपाचला मशिनगनच्या माऱ्यात पहिला अडथळा हाती घेतला, तो साडेसहाला दूर झाला. पुढचा हजार यार्डांचा पट्टा साडेदहाला मोकळा झाला. ११ ला पुन्हा सकाळी सहाला सुरुवात. चिंगसपर्यंतचा रस्ता अकराला खुला झाला आणि तरीही रात्री दहापर्यंत काम चालूच होते. १२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत पोहोचले. परमवीरचक्राच्या मानपत्रात हे तास असेच नोंदलेले आहेत. रुग्णालयातील रात्रपाळीच्या नोंदवहीची सवय असलेल्या आम्हांला त्या नोंदी वाचताना फार जवळच्या वाटल्या. ८ तारखेला पडलेल्या त्या दोन जवानांचेही येथे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्या युद्धात पाच परमवीरचक्रे दिली गेली. त्यांपैकी तीन मरणोत्तर होती. हयातीत ती मिळाली ती लान्सनायक करम सिंग आणि राणे यांना. राणे यांचा विवाह १९५५ साली झाला. पुढे चार मुलांचा संसार, मेजर हा हुद्दा आणि निवृत्तीनंतर पुन्हा काही वर्षांची सेवा. हे सारे त्या चार दिवसांच्या पलीकडचे. पहिल्याच सकाळी तोफगोळा हातभर अलीकडे पडता, तर ते घर उभेच राहिले नसते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.

आता बाहेरच्या बाकांवर बसलेल्या माजी सैनिकांस एक विनंती. जखम अंगावर घेऊन काम रेटण्याची सवय आपणांस जडलेली आहे आणि ती आम्ही तपासणीच्या खोलीत नित्य पाहतो. विचारल्यावर “काही नाही, ठीक आहे” एवढेच उत्तर येते, आणि खरे काय ते दाराशी उभ्या असलेल्या पत्नीकडून किंवा सुनेकडून कळते. आज कृपया डॉक्टरांना सर्व सांगावे. कुटुंबीयांनीही सोबत आत यावे. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली आहे.