नकारानंतरची मैत्री



चिटणिसांनी आम्हांला विषय दिला तो ‘मालिकांतील एकतर्फी प्रेम’. बोनस आणि किमान वेतन यांवर दीड-दोन तास बोलण्याची सवय असलेल्या माणसाला हा विषय का द्यावा, हे कोडे आम्हांला पडले. चिटणीस म्हणाले, “तुम्ही मागण्या करणारे. मागणी फेटाळली गेल्यावर काय करायचे, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक?” या युक्तिवादापुढे आम्ही तडजोड केली.

आमचे गाव वांगणी. कर्जतच्या वाटेवर रेल्वेचे स्टेशन आहे ती नव्हे. आमची वांगणी पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे जे काही ते ग्रंथालयातून आणि कामगारांकडून. आमच्याकडे मालिका सलग पाहणे अनेकांना साधत नाही. दिवाळीनंतर माणसे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात कथानक कुठल्या कुठे गेलेले असते. मग ज्याने पाहिले तो चार वाक्यांत सांगतो. मालिकेची खरी परीक्षा त्या चार वाक्यांत होते असे आमचे मत आहे.

झी मराठीवर २०१३ ते २०१५ या काळात ‘जुळून येती रेशीमगाठी’ ही मालिका झाली. चार वाक्यांत सांगायची तर अशी: मेघनाचे प्रेम एका आदित्यवर, वडील तिचे लग्न लावतात दुसऱ्या आदित्यशी, देसायांच्या घरी. या नवऱ्याचा जीव तिच्यावर जडतो, तिचा नाही. तिचे मन दुसरीकडे आहे हे कळल्यावर तो हक्क सांगत नाही, मित्र होतो, तिचे पहिले प्रेम शोधून देण्याचे वचन देतो. आणि शेवटी ती याच्याच प्रेमात पडते. ललित प्रभाकर आणि प्राजक्ता माळी यांनी कामे मोठी सुरेख केली, आणि आम्हीही वेळात वेळ काढून ती पाहिली हे कबूल करतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ हिची गोष्ट निराळी, पण तिथेही मनातून प्रेम करणारा सौमित्र मित्र म्हणून राधिकेच्या पाठीशी उभा राहतो, आणि पुढे दोघांचे लग्न लागते.

इथे आमची तक्रार सुरू होते. मालिकेतला मित्र हा रेल्वेच्या वेटिंग लिस्टवरचा उतारू आहे. तो सभ्यपणे उभा असतो, कोणाला धक्का देत नाही. पण त्याचे तिकीट शेवटी पक्के होणार हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. आमच्या भागात एके काळी लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस सावकाराकडे राबत राही. त्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी वारल्यांच्या लढ्यावरील ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या वेठीचे वर्णन केले आहे. मालिकेतला मित्र आम्हांला उलटा लग्नगडी वाटतो. तो आधी राबतो, आणि राबण्याचे मोल म्हणून लग्न पदरात पडते.

हे सारे करमणुकीचे आहे, एवढे मनावर का घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द आपल्याला कोणत्या पानावर भेटतो ते आठवा. १९९० साली उल्हासनगरात परीक्षा देत बसलेल्या मुलीला वर्गात जाळले गेले. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले. ती सात दिवसांनी गेली. नकार पचवणे हे कोणत्याच शाळेत शिकवीत नाहीत. मुले ते गोष्टींतून शिकतात, आणि गोष्टी त्यांना सांगतात की थांब, चिकाटी धर, ‘नाही’चे ‘हो’ होईल.

आपली जुनी गोष्टही फारशी वेगळी नाही. देवयानीने कचाला मागणी घातली, तो म्हणाला, तू मला बहिणीसारखी. तिने शाप दिला, त्यानेही उलट शाप दिला. नाटककार खाडिलकरांनी या कथेवर ‘विद्याहरण’ रचले. खांडेकरांच्या ‘ययाति’तला कच मात्र पुढे हितचिंतक म्हणून पुन्हा येतो, आणि तो आम्हांला अधिक जवळचा वाटतो. पण ‘बहिणीसारखी’ हा शब्द आम्हांला खटकतो. पुरुष आणि स्त्री यांच्या मैत्रीला आपल्याकडे घर नाही. तिला राखी बांधून कुणाच्या तरी ओसरीवर बसवावे लागते.

आता आमचीच गोष्ट सांगतो. प्रेमाची गोष्ट ‘आम्ही’ म्हणून सांगणे हास्यास्पद आहे, पण जिभेची सवय जात नाही. १९९५ च्या सुमारास आम्ही बोईसरच्या बाजूला एका कारखान्यात युनियनचे काम करीत होतो. पॅकिंग खात्यातील एका बाईंवर आमचे मन बसले. विचारले. त्यांनी स्पष्ट नाही म्हटले. त्यानंतर पंधरा दिवस पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही गेटवर उभे राहिलो. एक शब्द बोललो नाही. ही आमची निष्ठा आहे असे आम्ही समजत होतो. सोळाव्या दिवशी त्या चार मैत्रिणींदेखत म्हणाल्या, “काय नेते, तुम्ही युनियनचे ना? मग मालकाच्या माणसासारखे आमच्यावर नजर ठेवायला का उभे राहता?”

पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आजच्या न्यायसंहितेत तो ७८ व्या कलमात आहे. तेव्हा ते कलम नव्हते, एवढेच आमचे भाग्य.

गेट सुटले, आशा सुटली नाही. त्यांचे लग्न झाले. ओव्हरटाइमच्या हिशेबासाठी त्या युनियनच्या कचेरीत येत, आणि घरी कुरबूर आहे असे कानावर आले की आम्हांला आतून बरे वाटे. हे सांगताना लाज वाटते. आम्ही मित्र म्हणवीत होतो आणि वेटिंग लिस्टवर होतो. पुढे आमचेही लग्न झाले. काही वर्षांनी त्यांच्या यजमानांचा कारखाना बंद पडला. ग्रॅच्युइटीसाठी आम्ही आणि ते महिनोन्‌महिने हेलपाटे घालीत होतो. एके रात्री त्यांच्या घरी दोघे फॉर्म भरीत बसलो होतो. बाई चहा ठेवून आत निघून गेल्या. बऱ्याच वेळाने आमच्या ध्यानात आले की, त्या गेल्या तिकडे आपण पाहिलेच नाही. आपले सारे लक्ष यजमानांच्या नोकरीच्या तारखांत होते.

त्यांनी आम्हांला कधी राखी बांधली नाही. आजही ‘नेते’च म्हणतात.

२०१४ साली त्यांच्याच घरी आम्ही सगळ्यांनी रेशीमगाठीचे काही भाग पाहिले. आमची पत्नी मेघनेच्या नवऱ्याचे कौतुक करीत होती. बाई म्हणाल्या, “माणूस चांगला आहे. पण शेवटी ती त्याला मिळाली नसती, तर दहा वर्षांनी तो तिच्यासाठी रेशनच्या रांगेत उभा राहिला असता का?” यजमान आमच्याकडे पाहून हसले. आम्ही चहाचा कप तोंडाला लावला.

त्या पावसाळ्यात वांगणीला गेलो तेव्हा भट्टीवरून परतलेल्या आमच्या म्हाताऱ्या मावशीला हीच मालिका चार वाक्यांत सांगितली. तिने सारे ऐकून घेतले. लग्न झाले, प्रेम झाले, यावर ती काही बोलली नाही. तिने एवढेच विचारले, “तिच्या डोक्यावरचा भारा त्याने कधी उतरवला का?”