कॉलेज सुटतं तेव्हा

मागच्या वेळी आपण बँकेच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, बचत गटाच्या बायांना कॉलेजच्या रहदारीचं काय पडलं? पण दहावी-बारावीनंतर पोरीला पुढं शिकवायचं की नाही, हे बोलणं घरात निघतं तेव्हा फीवर थोडं बोलणं होतं आणि जाण्यायेण्यावर जास्त. बस सुटली तर ती घरी कशी येईल, गेटावर पोरं गाड्या घेऊन उभी राहतात, गर्दीत कोणी धक्का मारला तर काय? एवढ्यावर शिक्षण थांबलेल्या मुली आपल्या गटांच्या घरांत आहेत. म्हणून हा विषय आपला आहे.

आपल्याकडच्या एका कॉलेजचं उदाहरण घेऊ. नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच आहे. दुपारी सकाळची पाळी सुटते आणि त्याच वेळी दुपारची पाळी आत शिरते. गेट एकच. त्यातून पायी येणाऱ्या मुली, सायकली, मोटरसायकली आणि सरांच्या चारचाकी एकदमच निघतात. बाहेर ऑटो आडवे उभे. त्यातच संत्र्याचे क्रेट भरलेली गाडी आली की सगळं ठप्प. मुली रस्त्याच्या कडेनं, नालीच्या काठावरून चालतात. बस थांबते पुढं, आणि गर्दीतून वाट काढून तिथवर पोचेपर्यंत ती निघून गेलेली असते. पुढची बस कधी, ते फळ्यावर लिहिलेलं असतं, पण तिच्या भरवशावर कोणी राहत नाही.

आमच्या ग्रामसंघातल्या दोघी-तिघींनी एक आठवडा वही घेऊन गेटासमोर बसायचं ठरवलं. आपण हजेरीच्या रेघा मारतो तशाच रेघा मारल्या. पायी किती, दुचाकी किती, ऑटो किती, बस किती वाजता आली, किती वाजता सुटली. फार शिकलेलं असण्याची गरज नव्हती. आठवड्याअखेर वही उघडली तेव्हा दिसलं की गर्दी दिवसभर नसतेच. दुपारी दहा-पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच. उरलेला वेळ त्या रस्त्यावर गाई बसलेल्या असतात. म्हणजे रस्ता पुरतो, सगळे एकाच वेळी एकाच दारातून निघतात तिथं अडतं. संत्र्याच्या बागेत आपण सगळे दांड एकदम फोडतो का? पाण्याची पाळी लावतो. माणसांची पाळी लावायचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. रस्ता रुंद करा, एवढीच मागणी होते.

मोठ्या ठिकाणी काय होतं ते पाहू. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झालं तेव्हा त्याला सहा महाविद्यालयं जोडलेली होती आणि विद्यार्थी होते ९२७. आज एवढी मुलं तालुक्याच्या गावातही सहज असतात. विद्यापीठाचा मोठा परिसर नागपूरच्या अमरावती रोडवर आहे. आपल्या भागातली मुलगी गाडीनं किंवा एसटीनं नागपूरला उतरते, बर्डीवरून ‘आपली बस’ नाहीतर ऑटो धरते आणि विद्यापीठासमोर उतरते. त्या रस्त्यावर विद्यापीठ परिसरापर्यंत उड्डाणपूल बांधला गेला. वाडीकडे, अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांची त्यानं सोय झाली, ते चांगलंच आहे. पण खाली उतरलेल्या मुलीला रस्ता पायीच ओलांडायचा असतो आणि आत विभागापर्यंत पायीच जायचं असतं. पूल गाड्यांसाठी असतो, पायी चालणाऱ्यासाठी वेगळा विचार करावा लागतो.

पुण्याचं बघा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. त्याच्या समोरच्या चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल करायचा होता. जुना पूल काही फार जुना नव्हता. आतल्या बाजूला मात्र २०१७ च्या डिसेंबरात एक स्वस्त उपाय सुरू झाला होता. भाड्याच्या सायकली. मोबाईलवरून कुलूप उघडायचं, अर्ध्या तासाला रुपया. मुलांनी आवडीनं वापरल्या. पण पुढं शहरभर त्या सायकलींची मोडतोड झाली, दुरुस्ती मागं पडली, सायकलीसाठी सलग वाट नव्हती आणि योजना विरली. आम्हाला यातून एवढंच दिसतं की वस्तू आणणं सोपं असतं. ती रोज कोण पुसणार, कोण दुरुस्त करणार, हे आधी ठरलं नाही तर गटाच्या पिठाच्या गिरणीचंही असंच होतं, तुम्हाला माहीत आहे.

मुंबईत पवईला आयआयटी आहे. तिथं आतल्या रस्त्यांवर मुलं पायी आणि सायकलीनं फिरतात, आणि लांबच्या वसतिगृहांकडे जायला छोट्या गाड्या फिरतात. त्यांना मुलं ‘तुमतुम’ म्हणतात. देशातली सगळ्यात हुशार मानली जाणारी मुलं सायकलवर वर्गात जातात, आणि आपल्याकडे अकरावीतला मुलगा मोटरसायकलशिवाय कॉलेजात जायला तयार नसतो. असो.

आता जरा गंभीर गोष्ट. केरळात कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. २५ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी तिथं विद्यार्थ्यांच्या महोत्सवात गाण्याचा कार्यक्रम होता, उघड्या प्रेक्षागृहात. पाऊस आला. बाहेर थांबलेली मुलं आडोशाला म्हणून एकदम दाराकडे धावली. दारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. पुढचे पडले, मागच्यांना ते दिसलंच नाही. चौघांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. त्याआधी २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावरही पावसातच चेंगराचेंगरी झाली होती, २३ माणसं गेली. दोन्हीकडे भांडण नव्हतं, आग नव्हती. अरुंद वाट, पायऱ्या आणि सगळ्यांची एकाच क्षणी घाई. आपल्या कॉलेजातही स्नेहसंमेलन होतं, निकाल लागतो, परीक्षेच्या दिवशी गेट उशिरा उघडतं. त्या दिवशी दुसरं दार कुलूपबंद असेल तर ते उघडायला सांगायचं. ‘शिपाई एकच आहे’ हे उत्तर आम्हालाही मिळालं. मग निदान त्या तासापुरती किल्ली कोणाकडे राहील ते लेखी ठरवा, असं आम्ही म्हटलं.

वही घेऊन आम्ही प्राचार्यांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही पैशाची एकही गोष्ट मागितली नव्हती. सकाळच्या पाळीचा शेवटचा तास पंधरा मिनिटं आधी सोडा आणि दुपारची पाळी पंधरा मिनिटांनी भरवा, एवढं पहिलं. दुसरं, दुचाकी गेटातून आत न नेता बाजूच्या मोकळ्या जागेत लावायच्या, म्हणजे गेट पायी येणाऱ्यांना राहील. पहिली गोष्ट लगेच झाली आणि मुलींना बस सापडू लागली. दुसरीवर अजून घोळ चालू आहे, कारण सर लोकांनाच गाडी वर्गाच्या दाराशी हवी असते. हे आम्ही हसत हसत त्यांना बोलूनही दाखवलं.

एक अवघड बाब आपल्याकडचीही होती. गेटाला लागूनच पोहे-समोशाची हातगाडी होती, ती आपल्याच एका गटातल्या ताईची. तिच्याभोवती पोरांचा घोळका, त्या घोळक्याला वळसा घालून मुली रस्त्यावर. हातगाडी उठवा म्हणणं सोपं होतं, पण तिचं घर त्यावर चालतं. बैठकीत दोन तास यावर बोलणं झालं. शेवटी गाडी गेटापासून सरकून कुंपणाच्या कोपऱ्यावर गेली. तिचा गल्ला काही दिवस कमी झाला, मग बसची वाट पाहणारं गिऱ्हाईक तिकडं वळलं. कोणाचं पोट न मारता वाट मोकळी करायची असेल तर वेळ लागतो, तो द्यायचा.

तुमच्या गावच्या कॉलेजात हे करायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात आणि तिच्यात स्थानिक सदस्यही असतात. अर्ज प्राचार्यांना द्याल तेव्हा ‘समितीपुढे ठेवावा’ असं लिहा. आणखी एक. नॅक नावाची संस्था कॉलेज तपासून त्याचं मूल्यांकन करते. हिरव्या परिसराच्या मुद्द्यांत ती विचारत आली आहे की गाड्यांच्या प्रवेशावर मर्यादा आहे का, सायकली वापरतात का, पायी चालणाऱ्यांसाठी वाटा आहेत का. म्हणजे आपण मागतो ते कॉलेजच्याही फायद्याचं आहे. हे अर्जात जरूर लिहा, फार कामी येतं.

एसटीचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट झालं आणि बसमध्ये बाया वाढल्या, तशी गर्दीही वाढली. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. पाससाठी स्टँडवर रांगेत दिवस घालवायची गरज राहिलेली नाही. शाळा-कॉलेजनं यादी दिली तर एसटीचे कर्मचारी तिथंच येऊन पास देतात. तुमच्या कॉलेजनं यादी पाठवली का, ते विचारा. आणि पाळीची वेळ बदलली तर त्याचं पत्र आगार व्यवस्थापकांना गेलंच पाहिजे. नाहीतर मुली लवकर सुटतील आणि बस जुन्याच वेळी येईल.

आता घरातलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा असा आहे की परवान्याचं वय नसलेल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा. आपल्या दारात उभी असते ती बहुतेक शंभर सीसीच्या वरची. कितीतरी जणींनी ती गटाच्या कर्जातून घेतली आहे, कागदावर नाव आपलं आहे. गेटावर दुसऱ्याची पोरं गाड्या फिरवतात असं म्हणताना आपला मुलगा काय घेऊन गेला ते एकदा बघून या.

मोजणीच्या वहीचा रकाने आखलेला नमुना आणि अर्जाचा मसुदा आम्ही ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवला आहे. मोजायला बसायचं ते कॉलेज सुटायच्या अर्धा तास आधी, सावलीत, दोघी मिळून. एक मोजेल, एक लिहील. बाजाराच्या दिवशी वेगळी वही करा, त्या दिवशीचे आकडे वेगळेच निघतात. सुट्ट्या लागायच्या आत एक आठवडा पुरेल. येत्या मासिक बैठकीला वह्या आणा, एकत्र बसून बेरजा करू.