तंजावरचे ताट आणि ग्लुटेनमुक्त आहार
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



तंजावर म्हटले की मराठी मनाला भोसल्यांचे राज्य आठवते. व्यंकोजीराजांनी स्थापिलेली ही गादी १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आणि सरस्वती महाल ग्रंथालय या तिच्या खुणा आजही उभ्या आहेत. परंतु तंजावरची आणखी एक ओळख आहे. कावेरीच्या खोऱ्यातील हा प्रदेश म्हणजे तमिळनाडूचे भाताचे कोठार. आजच्या विषयासाठी हीच ओळख अधिक मोलाची आहे.

गेल्या काही वर्षांत शहरी मराठी घरांत एक समजूत दृढ होत आहे की, गहू सोडला की वजन उतरते. पोळी वर्ज्य होते, दुकानातून ‘ग्लुटेनमुक्त’ असा शिक्का असलेली महागडी बिस्किटे येतात आणि आईवडिलांचे पाहून शाळकरी मुलीही डब्यातली पोळी नाकारू लागतात. ही समजूत कितपत खरी आहे?

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन होय. कणीक मळली असता तिला जो चिवटपणा येतो तो याच प्रथिनामुळे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ते नसते. म्हणून भाकरी थापावी लागते, पोळीसारखी लाटता येत नाही. या दृष्टीने पाहता तंजावरचे परंपरागत ताट मुळातच ग्लुटेनमुक्त आहे. भात, सांबार, रसम, इडली, डोसा, उडदाच्या पिठाचे डांगर यांत गव्हाला स्थान नाही.

गहू हेच स्थूलतेचे कारण असते, तर भातावर पोसलेला तमिळ समाज सडसडीत दिसावयास हवा होता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) वेगळेच चित्र पुढे ठेवले आहे. तमिळनाडूतील ४०.४ टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल आढळले. गहू खाणाऱ्या पंजाबात स्त्रियांचे हेच प्रमाण ४०.८ टक्के होते. एकीकडे पोळी, दुसरीकडे भात. तराजूचा काटा मात्र जवळपास एकाच जागी. आज तमिळ घरांत परोटा आणि रवा शिरला आहे हे खरे, तरी मुख्य अन्न अजून भातच आहे.

मग काही जणांचे वजन प्रत्यक्षात कमी होते, ते कसे? गहू सोडणारा मनुष्य बहुधा गव्हाबरोबर पाव, बिस्किटे, खारी, केक, सामोसे हेही सोडतो. मैदा, साखर आणि तेल एकदम घटते. पोटात जाणारी ऊर्जा कमी होते आणि वजन उतरते. श्रेय ग्लुटेनच्या अभावाला मिळते, काम केलेले असते मिताहाराने. शिवाय पिष्टमय अन्न एकाएकी कमी केले की शरीरातील साठवणीची शर्करा आणि तिच्यासोबतचे पाणी प्रथम निघून जाते. पहिल्या आठवड्यातील आनंद पुष्कळदा या पाण्याचाच असतो.

पुढे त्याच माणसाने पोळीच्या जागी तांदळाच्या वा साबुदाण्याच्या पिठाचे तयार पदार्थ आणले, की गेलेले वजन परत येते. शंभर ग्रॅम तांदूळ आणि शंभर ग्रॅम कणीक यांतील ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट. तमिळनाडूतील सेलमहून येणारा साबुदाणा मराठी घरांत उपवासाला शिजतो. तो पूर्णतः ग्लुटेनमुक्तच असतो, आणि तरीही ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडेच जन्मली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असे दिसले. एका धान्याच्या जागी दुसरे धान्य घेतल्याने मधुमेहाचा धोका घटत नाही. धान्याचा काही वाटा डाळी, कडधान्ये आणि दूधदुभते यांना दिला तर तो घटतो, असा त्याचा आशय आहे.

येथे एक गंभीर गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. काही व्यक्तींना ग्लुटेन खरोखरच वर्ज्य असते. सिलिअॅक या विकारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते आणि अन्नरस शोषला जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. अशी रुग्ण बालके गव्हावाचून सुधारतात हे डॉ. विलेम डिके यांना आधीपासून जाणवत होते. त्या काळातील अनुभवाने ते अधिक दृढ झाले, आणि १९५० च्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा हा संबंध मांडला. भारतातील एका पाहणीत या विकाराच्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर तमिळनाडूतील वेल्लूर परिसरात केवळ ०.१० टक्के आढळले. उत्तरेत गव्हाचे रोजचे सेवन सरासरी ४५५ ग्रॅम होते, दक्षिणेत २५ ग्रॅम.

या विकाराचे मूल बहुधा कृश असते. त्याची उंची खुंटते, रक्तक्षय औषधाने बरा होत नाही, पोट वारंवार बिघडते. अशा मुलाने ग्लुटेन सोडले की त्याचे वजन वाढते, आणि ते वाढणे हीच आरोग्याची खूण असते. म्हणजे ज्यांच्यासाठी हा आहार निर्माण झाला, त्यांना तो वजन घटविण्यासाठी दिलाच जात नाही. अशा रुग्णाला हिंगसुद्धा पारखून घ्यावा लागतो, कारण बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

संशय असल्यास आधी रक्ततपासणी करावी, मग गहू सोडावा. हा क्रम उलटला आणि गहू आधीच बंद झाला, तर तपासणीत विकार दडून राहू शकतो. घरच्या घरी केलेल्या प्रयोगाची किंमत अशा वेळी लेकराला वाढीच्या वर्षांत मोजावी लागते.

तंजावरच्या परंपरेत याबाबत शिकण्याजोगे बरेच आहे. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात धान्यांचे आणि अन्नपदार्थांचे गुणदोष सविस्तर वर्णिले. सरफोजीराजे दुसरे (१७९८-१८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारून औषधोपचारांचा अभ्यास करविला. त्यांच्या नावाचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ सरस्वती महालाने जपला आहे. पाकशाळा आणि वैद्यशाळा या दोहोंकडे तितक्याच आस्थेने पाहणारी ती दृष्टी होती. एखाद्या धान्याला दूषण देऊन सुटका करून घेण्यापेक्षा ते किती, कोणी आणि कशासोबत खावे, हा विचार अधिक फलदायी आहे.

तेव्हा घरात पोळी असो, भाकरी असो वा भात, ताटातील त्याचा वाटा आटोपशीर ठेवावा. डाळ, उसळ, ताक आणि भाजी यांना मान द्यावा. मुलांना मैदानावर धाडावे आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या वजनाचा उठताबसता उच्चार टाळावा. मुले उपदेशापेक्षा ताट पाहून अधिक शिकतात. साठ वर्षे या शाळेच्या मधल्या सुट्टीत उघडलेल्या डब्यांनी पिढ्या पोसल्या आहेत. त्या डब्यातील साधी पोळीभाजी अपराधी भावनेवाचून खाल्ली जावी, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षात अपेक्षा.