चीनमधील भारताच्या पाऊलखुणा

नांदेड-लातूरहून चीनला जाणारा प्रवासी बहुधा बीजिंगजवळची भिंत आणि शांघायचे मनोरे पाहून परततो. ते पाहावेच, पण शिआनची वाटही धरावी. तेथील हंस पॅगोडा इ.स. ६५२ मध्ये उभा राहिला, तो ह्युएनत्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ जपण्यासाठी. हाच यात्रिक महाराष्ट्रातही आला होता. पुलकेशीपुढे हर्षाचे काही चालले नाही, येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोसत नाहीत, हे त्याने लिहून ठेवले. आपल्या किती घरांत ते वाचले जाते?

शिआनहून लोयांग वेगवान रेल्वेने सुमारे दोन तासांवर. तेथील श्वेताश्व मंदिर परंपरेने इ.स. ६८ चे. पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ घेऊन गेलेल्या कश्यप मातंग व धर्मरत्न यांच्या समाध्या तेथेच आहेत. शेजारी भारताने बांधलेल्या सांचीच्या धर्तीवरील मंदिराचे उद्घाटन २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले.

१९६२ आणि २०२० चे गलवान विसरून कोणी तेथे जाऊ नये. मात्र जमल्यास दक्षिणेच्या किनाऱ्यावरील च्वानचौ गाठावे. खैयुआन या बौद्ध मंदिराच्या मागच्या बाजूचे दगडी खांब निरखून पाहावेत. त्यांवर श्रीकृष्ण आहे, नृसिंह आहे.